त्रिबिंदू जोडणी (ट्रॅक्टर)

त्रिबिंदू जोडणी ही ट्रॅक्टरच्या मागील बाजूस शेतीची अवजारे जोडण्याची व ती उचलण्याची व्यवस्था आहे. ट्रॅक्टर आणि अवजार यांचा सांधा तीन ठिकाणी जुळतो, दोन खाली व एक वर. त्यावरून तिला हे नाव मिळाले. बोलीभाषेत ती 'थ्री पॉइंट लिंकेज' किंवा नुसती 'लिफ्ट' म्हणून ओळखली जाते. नांगर, पेरणी यंत्र, रोटाव्हेटर, फवारणी यंत्र, गवत कापणी यंत्र अशी परस्परांहून अगदी भिन्न अवजारे एकाच ट्रॅक्टरला जोडता येणे हे या व्यवस्थेमुळे शक्य झाले. मात्र प्रत्येक अवजाराची गरज वेगळी असल्याने जोडणीचे समायोजनही प्रत्येक वेळी वेगळे करावे लागते. नांगरासाठी योग्य असलेली मांडणी गवत कापणी यंत्रासाठी बहुधा अयोग्य असते. प्रस्तुत लेखात जोडणीचा इतिहास व रचना यांबरोबरच मागे जोडल्या जाणाऱ्या फिरत्या पात्याच्या गवत कापणी यंत्रासाठी तिचे समायोजन कसे करतात याची माहिती दिली आहे.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रॅक्टर हा बैलांच्या किंवा घोड्यांच्या जागी आलेला केवळ ओढणारा प्राणी होता. नांगर साखळीने वा दांड्याने मागे अडकवून ओढला जाई. नांगराचा फाळ जमिनीतील दगडात किंवा मुळात अडकला की ट्रॅक्टरची मागील चाके फिरतच राहत आणि पुढचा भाग वर उचलला जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा पडे. हलक्या वजनाच्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत हा धोका विशेष होता.

हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) हा आयर्लंडमधील डाउन परगण्यात शेतकरी कुटुंबात जन्मलेला यंत्रज्ञ होता. १९०९ साली स्वतः बांधलेल्या विमानातून आयर्लंडमध्ये उड्डाण करणारा म्हणूनही तो प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमधील ट्रॅक्टरांचा वापर सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले. तेव्हा ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन स्वतंत्र यंत्रे नसून ते एकच यंत्र असावे, हा विचार त्याच्या मनात पक्का झाला. अवजार ट्रॅक्टरलाच टांगावे, तेलाच्या दाबाने उचलावे आणि अवजारावर येणाऱ्या ओढीनुसार त्याची खोली आपोआप बदलावी, अशी व्यवस्था त्याने विकसित केली. तिचे मूलभूत पेटंट १९२६ साली मिळाले. १९३६ पासून इंग्लंडमधील डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने ही व्यवस्था असलेला ट्रॅक्टर विक्रीस आला.

१९३८ साली फर्ग्युसनने अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्यापुढे आपल्या ट्रॅक्टरचे प्रात्यक्षिक केले. दोघांमध्ये लेखी करार झाला नाही, केवळ हस्तांदोलनावर व्यवहार ठरला. त्यातून १९३९ साली फोर्ड ९एन हा ट्रॅक्टर बाजारात आला आणि त्रिबिंदू जोडणीचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. पुढे फोर्ड कंपनीची सूत्रे हेन्री फोर्ड यांच्या नातवाकडे गेल्यावर हा तोंडी व्यवहार मोडला. १९४७ साली कंपनीने फर्ग्युसनला वगळून त्याच धर्तीची जोडणी असलेला ८एन हा ट्रॅक्टर आणला. फर्ग्युसनने १९४८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. १९५२ साली ९२.५ लाख डॉलर देऊन फोर्ड कंपनीने तडजोड केली. दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे फर्ग्युसनचा स्वतःचा टीई२० हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. १९५३ साली त्याचा व्यवसाय कॅनडातील मॅसी-हॅरिस या कंपनीत विलीन झाला. तिलाच पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव मिळाले. मूळ पेटंटांची मुदत संपत गेली तसे इतर उत्पादकांनीही या जोडणीचा स्वीकार केला आणि ती जगभर प्रमाण ठरली.

रचना

त्रिबिंदू जोडणीचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

लोअर लिंक : ट्रॅक्टरच्या मागील आसाखालून निघणारे डावा व उजवा असे दोन पोलादी दांडे. त्यांच्या टोकाशी गोलाकार बॉल जॉइंट असून त्यात अवजाराच्या पिना बसतात. अवजाराची ओढ प्रामुख्याने हेच दांडे सोसतात.

टॉप लिंक : वरचा एकच दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना एकमेकांविरुद्ध दिशेचे आटे असतात. त्यामुळे मधला भाग फिरवला की दांड्याची लांबी कमी-जास्त होते. अवजार पुढे किंवा मागे किती कलावे हे टॉप लिंकच्या लांबीवर ठरते.

लिफ्ट आर्म व लिफ्ट रॉड : द्रवचालित सिलिंडरच्या जोराने वर-खाली होणारे बाहू म्हणजे लिफ्ट आर्म. त्यांना लोअर लिंकशी जोडणारे उभे दांडे म्हणजे लिफ्ट रॉड. बऱ्याच ट्रॅक्टरांवर डाव्या लिफ्ट रॉडची लांबी कायम असते आणि उजव्या रॉडला हँडल असते. ते फिरवून अवजाराची उजवी बाजू वर किंवा खाली घेता येते.

चेक चेन किंवा स्टॅबिलायझर : लोअर लिंक डावीकडे-उजवीकडे किती हलाव्यात यावर मर्यादा घालणाऱ्या साखळ्या किंवा ताणदांडे.

नियंत्रण लिव्हर : चालकाच्या उजव्या हाताशी बहुधा दोन लिव्हर असतात, एक पोझिशन कंट्रोलचा व दुसरा ड्राफ्ट कंट्रोलचा. पोझिशन कंट्रोल अवजाराला ट्रॅक्टरच्या संदर्भात ठरावीक उंचीवर धरून ठेवतो. ड्राफ्ट कंट्रोल अवजारावरील ओढ जाणून घेऊन त्यानुसार अवजार वर-खाली करतो.

ड्राफ्ट कंट्रोलचे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. नांगर जमिनीत असताना मातीचा विरोध त्याला खालच्या पिनांभोवती पुढे कलंडवू पाहतो, त्यामुळे टॉप लिंकवर पुढच्या दिशेने दाब येतो. अनेक ट्रॅक्टरांत टॉप लिंकच्या मुळाशी असलेली स्प्रिंग या दाबाने दबते व तेलाच्या झडपेला संकेत देते. नांगर दगडाला अडला तर हाच दाब ट्रॅक्टरचा पुढचा भाग खाली रेटतो. ज्या कारणाने पूर्वी ट्रॅक्टर उलटत असे तेच कारण फर्ग्युसनच्या रचनेत ट्रॅक्टरला जमिनीवर दाबून धरण्यासाठी वापरले गेले. मात्र हे संरक्षण ओढ असलेल्या अवजारापुरतेच आहे. गवत कापणी यंत्र जमिनीत घुसत नाही, त्यावर अशी ओढ येत नाही. म्हणून त्याच्यासाठी ड्राफ्ट कंट्रोल निरुपयोगी ठरतो आणि केवळ पोझिशन कंट्रोल वापरला जातो.

वर्ग

वेगवेगळ्या उत्पादकांचे ट्रॅक्टर व अवजारे एकमेकांना जुळावीत म्हणून जोडणीचे वर्ग ठरवण्यात आले आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ ७३० आणि भारतात आयएस ४४६८ ही मानके या विषयासंबंधी आहेत. लहान बागकाम ट्रॅक्टरांसाठी शून्य वर्ग प्रचलित आहे. खालील आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

| वर्ग | ट्रॅक्टरची शक्ती (अश्वशक्ती) | टॉप लिंक पिनेचा व्यास (मिमी) | लोअर लिंक पिनेचा व्यास (मिमी) |
|---|---|---|---|
| ० | २० पर्यंत | १६ | १६ |
| १ | २० ते ४५ | १९ | २२ |
| २ | ४० ते १०० | २५ | २८ |
| ३ | ८० ते २२५ | ३२ | ३७ |
| ४ | १८० हून अधिक | ४५ | ५१ |

दुसऱ्या वर्गाच्या ट्रॅक्टरला पहिल्या वर्गाचे यंत्र जोडताना पिनेवर योग्य मापाचे बुश चढवावे लागते. बुश न वापरता बारीक पिन मोठ्या छिद्रात बसवल्यास ती खडखडते, झिजते आणि समायोजन टिकत नाही. पिनांच्या व्यासाबरोबरच दोन्ही लोअर लिंकमधील अंतरही वर्गानुसार बदलते.

गवत कापणी यंत्रासाठी समायोजन

मागे जोडल्या जाणाऱ्या फिरत्या पात्याच्या गवत कापणी यंत्राला भारतात 'स्लॅशर' असेही म्हणतात. पोलादी कवचाखाली उभ्या आसावर फिरणारी पाती, वर गिअरबॉक्स, मागे एक किंवा दोन चाके आणि पुढे त्रिबिंदू जोडणीचा सांगाडा अशी त्याची रचना असते. त्याला शक्ती ट्रॅक्टरच्या पीटीओपासून शाफ्टद्वारे मिळते. समायोजनाची चार उद्दिष्टे असतात : यंत्र आडवे समपातळीत असावे, पुढे-मागे योग्य कल असावा, जमिनीच्या चढउतारांनुसार ते मुक्तपणे हलावे आणि शाफ्ट सुरक्षित कोनात राहावा.

पूर्वतयारी

समायोजन सपाट व कठीण जमिनीवर करावे. मागील दोन्ही टायरांतील हवेचा दाब आधी सारखा करून घ्यावा. एका टायरात हवा कमी असेल तर त्या बाजूचा सगळा मापनव्यवहार चुकतो आणि हवा भरल्यावर यंत्र पुन्हा तिरके होते. यंत्राच्या मागील चाकाचे बेअरिंग, पात्यांचे बोल्ट व गिअरबॉक्समधील तेल हेही याच वेळी पाहावे.

जोडण्याचा क्रम

ट्रॅक्टर सावकाश मागे घेऊन यंत्राच्या सरळ रेषेत आणावा. प्रथम डावी लोअर लिंक, नंतर उजवी आणि शेवटी टॉप लिंक जोडावी. डावीकडील लांबी कायम असल्याने तिला आधी बसवतात. उजवी बाजू हँडल फिरवून पिनेच्या उंचीला आणता येते. प्रत्येक पिनेत लिंच पिन घालावी. पीटीओ शाफ्ट सर्वांत शेवटी चढवावा आणि त्याची खिटी खाचेत बसल्याची खात्री शाफ्ट मागे-पुढे ओढून करावी. यंत्र सोडताना हाच क्रम उलटा असतो.

आडवी पातळी

यंत्राच्या कवचाच्या डाव्या व उजव्या कडेचे जमिनीपासूनचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी होईपर्यंत उजव्या लिफ्ट रॉडचे हँडल फिरवावे. काही ट्रॅक्टरांच्या लिफ्ट रॉडच्या खालच्या टोकाला गोल छिद्राबरोबर एक लांबट खाचही असते. रुंद यंत्र उंचसखल जमिनीवर चालवताना पिन खाचेत बसवल्यास यंत्राच्या दोन्ही बाजू थोड्या स्वतंत्रपणे वर-खाली होऊ शकतात.

पुढे-मागे कल

सर्वसाधारण गवत कापताना पात्याचे टोक पुढच्या बाजूस मागच्या बाजूपेक्षा साधारण १२ ते २५ मिमी खाली असावे. असे केल्याने गवत पुढच्या बाजूस एकदाच कापले जाते आणि मागे जाणारे पाते कापलेल्या गवताला पुन्हा घासत नाही. त्यामुळे शक्ती कमी लागते. उलट झुडपे, काडीकचरा किंवा पिकाचे अवशेष बारीक करायचे असतील तर मागची बाजू खाली ठेवतात. तेव्हा तेच अवशेष पुन्हा पुन्हा पात्याखाली येतात, पण इंजिनावरचा भारही वाढतो.

हे अंतर कवचाच्या कडेवरून न मोजता पात्याच्या टोकावरून मोजणे अधिक अचूक असते, कारण वापराने कवच वाकलेले असू शकते. त्यासाठी इंजिन बंद करून, किल्ली काढून, यंत्र ठोकळ्यांवर टेकवून व जाड हातमोजे घालून पाते ट्रॅक्टरच्या दिशेने फिरवावे व टोकाची उंची मोजावी. नंतर पाते अर्धा फेरा फिरवून मागची उंची मोजावी. पुढची बाजू लोअर लिंकच्या उंचीने आणि मागची बाजू मागील चाकाच्या उंचीने ठरवली जाते.

टॉप लिंकची मोकळीक

नांगरासाठी टॉप लिंक ताठ असावी लागते, गवत कापणी यंत्रासाठी मात्र तिच्यात थोडी मोकळीक आवश्यक असते. समायोजनात सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. यंत्राची मागची बाजू चाकावर उभी असते. ट्रॅक्टरची पुढची चाके उंचवट्यावर चढली की ताठ टॉप लिंक यंत्राच्या मागच्या भागाला खाली रेटते, पुढची चाके खड्ड्यात उतरली की तोच भाग ओढून वर उचलते. परिणामी कापणीत लाटा उमटतात, कधी गवत मुळासकट खरवडले जाते तर कधी उभे राहते. मागील चाकावर व त्याच्या दांड्यावर येणारे धक्के वेगळेच.

म्हणून बहुतेक यंत्रांच्या वरच्या सांगाड्यावर टॉप लिंकसाठी लांबट खाच, हलणारी पट्टी किंवा साखळी असते. सपाट जमिनीवर यंत्र कापणीच्या उंचीवर टेकवून टॉप लिंकची लांबी अशी ठेवावी की पिन खाचेच्या साधारण मध्यावर राहील. हलणारी पट्टी असल्यास ती पुढे-मागे दोन्हीकडे झुकू शकली पाहिजे. टॉप लिंक फार आखूड ठेवली तर मागील चाक अधांतरी राहते. ती फार लांब ठेवली तर यंत्र उचलताना मागचा भाग जमिनीवर घासत राहतो. योग्य लांबी झाल्यावर लॉक नट घट्ट करावा. आट्यांवरील मर्यादेच्या खुणेपलीकडे दांडा उघडू नये.

ट्रॅक्टरकडील बाजूस टॉप लिंकसाठी एकाखाली एक अशी छिद्रे असतात. वरचे छिद्र वापरल्यास टॉप लिंक व लोअर लिंक जवळजवळ समांतर होतात आणि यंत्र उचलताना बरेचसे सपाट राहते. खालचे छिद्र वापरल्यास दोन्हींच्या रेषा ट्रॅक्टरच्या पुढच्या दिशेने जवळ येतात आणि उचलताना मागचा भाग अधिक वर जातो. बांध ओलांडताना ही गोष्ट सोयीची असली तरी त्यामुळे शाफ्टचा कोन वाढतो, हे विसरू नये.

कापणीची उंची

पोझिशन कंट्रोलच्या लिव्हरने पुढची उंची ठरवून लिव्हरपुढील थांबा त्या जागी पक्का करावा. अशा रीतीने प्रत्येक वळणानंतर यंत्र नेमके त्याच उंचीवर उतरते. ड्राफ्ट कंट्रोलचा लिव्हर ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात सांगितलेल्या निष्क्रिय स्थितीत ठेवावा. चार चाकांवर चालणाऱ्या हिरवळ कापणी यंत्रांची बाब वेगळी आहे. त्यांची उंची चारही चाकांवर ठरत असल्याने लिफ्ट पूर्ण खाली सोडून यंत्राला स्वतःच्या चाकांवर चालू द्यावे लागते.

आडवी हालचाल

नांगराला काही प्रमाणात डावी-उजवीकडे हलू देणे इष्ट असते. गवत कापणी यंत्राला मात्र चेक चेन ताणून जवळजवळ स्थिर करावे. ते झुलत राहिले तर उतारावर चाकाच्या मागे न चालता खालच्या बाजूस घसरते, लोअर लिंक टायरला घासते आणि शाफ्टवर आडवा ताण येतो. दोन्ही साखळ्या सारख्या ताणून यंत्र ट्रॅक्टरच्या मध्यरेषेत आणावे. एका बाजूस सरकवून बसवण्याची यंत्रे याला अपवाद आहेत. यंत्र उचलताना साखळ्या अधिक ताणल्या जात नाहीत ना, हे एकदा सावकाश उचलून पाहावे.

पीटीओ शाफ्ट

शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. यंत्र वर-खाली होताना ट्रॅक्टर व गिअरबॉक्स यांतील अंतर बदलते, तसा शाफ्ट लांब किंवा आखूड होतो. अंतर सर्वांत कमी असताना आतील नळीच्या टोकाशी किमान २५ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. ती नसेल तर शाफ्ट दोन्हीकडे रेटा देतो आणि ट्रॅक्टरच्या पीटीओचे बेअरिंग किंवा यंत्राचा गिअरबॉक्स फुटतो. अंतर सर्वांत जास्त असताना नळ्यांचा किमान एक-तृतीयांश भाग एकमेकींत असावा, अन्यथा शाफ्ट निसटून झोडपल्यासारखा फिरतो. नवा शाफ्ट लांब असल्यास दोन्ही नळ्या व दोन्ही संरक्षक आवरणे सारख्याच मापाने कापावी लागतात. कापलेल्या कडा घासून ग्रीस लावावे. दोन्ही टोकांच्या आतील योक एकाच प्रतलात असले पाहिजेत, अन्यथा शाफ्ट समान गतीने न फिरता थरथरतो.

चालू शाफ्टचा कोन शक्य तितका कमी असावा. साध्या युनिव्हर्सल जॉइंटसाठी तो साधारण २५ अंशांपलीकडे जाऊ देऊ नये. यंत्र पूर्ण उचलले की हा कोन सहज ओलांडला जातो. म्हणून बांध ओलांडण्यापूर्वी किंवा रस्त्यावर येण्यापूर्वी पीटीओ बंद करावा आणि लिफ्टच्या लिव्हरला वरच्या मर्यादेचा थांबा लावावा.

जुन्या, एकाच क्लचच्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांत पीटीओ गिअरबॉक्समधूनच चालतो. क्लच दाबला तरी जड पाती आपल्या गतीमुळे फिरत राहतात आणि शाफ्टमार्गे उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात. चालकाने थांबवायचा प्रयत्न करूनही ट्रॅक्टर विहिरीकडे किंवा कुंपणाकडे सरकत राहतो. अशा ट्रॅक्टरवर शाफ्टच्या टोकाशी केवळ एकाच दिशेने शक्ती देणारा ओव्हररनिंग क्लच बसवणे आवश्यक असते.

पुढील चाकांवरील भार

मागे टांगलेले यंत्र ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवरील भार कमी करते. उदाहरणार्थ, १८०० किलो वजनाच्या ट्रॅक्टरचा ७२० किलो भार पुढच्या चाकांवर आहे आणि दोन्ही आसांमधील अंतर १.९ मीटर आहे असे मानू. ३०० किलोचे यंत्र उचलले असता त्याचा गुरुत्वमध्य मागील आसापासून १.५ मीटर मागे असेल, तर पुढच्या चाकांवरील भार ३०० × १.५ ÷ १.९ म्हणजे सुमारे २३७ किलोंनी घटतो व ४८३ किलो उरतो. हा ट्रॅक्टरच्या वजनाच्या सुमारे २७ टक्के होय. यंत्र ५०० किलोचे असून त्याचा गुरुत्वमध्य १.८ मीटर मागे असेल, तर घट सुमारे ४७४ किलो होते आणि पुढे केवळ २४६ किलो, म्हणजे १४ टक्क्यांहूनही कमी भार उरतो. पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार असावा असा संकेत आहे. त्याहून कमी भार असल्यास स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. अशा वेळी पुढे वजने लावणे हाच उपाय होय. चढावर आणि खड्ड्यांतून जाताना हा भार क्षणभर आणखी घटतो.

चाचणी व सामान्य दोष

समायोजन पूर्ण झाल्यावर पीटीओ निर्धारित गतीवर, बहुधा मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणून थोडे अंतर कापून पाहावे. कापलेल्या पट्ट्यावरून दोष ओळखता येतो.

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| एका बाजूस गवत आखूड, दुसरीकडे लांब | आडवी पातळी चुकलेली, टायरांत असमान हवा |
| पट्ट्यात लाटा | टॉप लिंक ताठ, मोकळीक नाही |
| मागील चाक अधांतरी | टॉप लिंक फार आखूड |
| गवत चिरफाळलेले, टोके पिवळी | पाती बोथट किंवा पीटीओची गती कमी |
| मधे न कापलेल्या रेषा | ट्रॅक्टरचा वेग जास्त, पाते झिजलेले |
| गवताचे ढीग पडणे | गवत ओले किंवा फार उंच, मागची बाजू फार खाली |
| जोराची थरथर | एक पाते तुटलेले, योक एका प्रतलात नाहीत |
| शिअर बोल्ट वारंवार तुटणे | पाती जमिनीला लागतात, पीटीओ झटक्याने सुरू केला जातो |

शिअर बोल्ट हा मुद्दाम कमजोर ठेवलेला भाग आहे. पाते दगडावर आदळल्यास तो तुटून गिअरबॉक्स वाचवतो. त्याऐवजी हाताशी असलेला कठीण पोलादाचा बोल्ट घातला की हे संरक्षण संपते.

सुरक्षितता

पात्याची गती डोळ्यांना जाणवत नाही. १.५ मीटर व्यासाचे वर्तुळ कापणारे पाते मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८० किलोमीटर असतो. अशा पात्याने उडवलेला खडा बंदुकीच्या छऱ्याप्रमाणे दूरवर जातो. म्हणून कवचाच्या पुढे-मागे साखळ्यांचे किंवा रबराचे पडदे असावेत, कापणीपूर्वी शेतातील दगड, तारा व ठिबक सिंचनाच्या नळ्या बाजूला कराव्यात आणि माणसे, मुले व जनावरे दूर ठेवावीत.

पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. ६ सेंटिमीटर व्यासाचा उघडा शाफ्ट अडकलेले कापड सेकंदाला सुमारे १.७ मीटर या वेगाने गुंडाळतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर, उपरणे, ओढणी यांपैकी काहीही अडकले तर ओरडण्यासही अवधी मिळत नाही. शाफ्टवरील प्लॅस्टिकचे आवरण तुटले असता ते बदलेपर्यंत यंत्र चालवू नये. चालू शाफ्ट ओलांडून जाऊ नये.

लिफ्टवर विसंबून उचललेल्या यंत्राखाली जाणे प्राणघातक ठरू शकते. तेलाची गळती, फुटलेली नळी किंवा लिव्हरला लागलेला धक्का यांमुळे यंत्र अचानक खाली येते. पाती तपासताना वा बदलताना यंत्र भक्कम ठोकळ्यांवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही काळ फिरत राहतात. यंत्र जोडताना ट्रॅक्टर मागे येत असेल तर ट्रॅक्टर व यंत्र यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये. काम संपल्यावर यंत्र नेहमी जमिनीवर टेकवून ठेवावे.

भारतातील वापर

भारतात त्रिबिंदू जोडणीचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी ट्रॅक्टर उत्पादनाबरोबर झाला. १९६० साली मद्रास (आताचे चेन्नई) येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवले. त्यामुळे फर्ग्युसनच्या परंपरेचे नाव आजही भारतीय शेतात दिसते. मुंबईतील महिंद्र समूहाने १९६० च्याच दशकात इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली.

महाराष्ट्रात हिरवळीसाठी गवत कापण्यापेक्षा फळबागा व पीक अवशेष यांसाठी या प्रकारची यंत्रे अधिक वापरली जातात. नाशिक व सांगली परिसरातील द्राक्षबागांत ओळींमधील गवत कापण्यासाठी लहान ट्रॅक्टरांना जोडलेली अरुंद यंत्रे दिसतात. ऊस तोडल्यावर उरणारे पाचट जाळण्याऐवजी शेतातच बारीक करणारी पाचट कुट्टी यंत्रे तसेच विदर्भ व खानदेशात कपाशीच्या पऱ्हाटीचा भुगा करणारी यंत्रेही त्रिबिंदू जोडणी व पीटीओ यांवरच चालतात. पऱ्हाटीचा वेळीच नायनाट करणे हा गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणाचा एक उपाय मानला जातो. या यंत्रांची पाती व आस वेगळे असले तरी आडवी पातळी, साखळ्यांचा ताण, शाफ्टची लांबी व कोन आणि पुढील चाकांवरील भार यांविषयीचे नियम त्यांनाही लागू पडतात. टॉप लिंकची मोकळीक व पुढे-मागे कल यांबाबत मात्र यंत्राच्या माहितीपुस्तकातील सूचना पाळाव्यात, कारण मागे चाकाऐवजी रूळ असलेल्या यंत्रांची मांडणी वेगळी असते.